खुर्ची-तपासनीसाचे पिल्लू

कोणाच्याही घरी गेला की तपासनीस लगेच बसत नसे. आधी खुर्चीच्या पाठीवर तळहात ठेवून तो जोर देई, मग तिचा मागचा पाय बुटाच्या टोकाने हलकेच ठोकी, कान तिरका करी आणि समाधान झाले तरच टेकत असे. नाही झाले तर 'मी उभाच बरा आहे' म्हणून भिंतीला पाठ लावी. यजमानांना वाटे, माणूस भिडस्त आहे. मित्रांना खरे कारण ठाऊक होते, म्हणून ते त्याला ठोक्या म्हणत.

प्लास्टिकच्या खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्यात त्याने उभी हयात खुर्च्या मोडण्यात घालवली होती. पगार त्याचाच मिळे. तयार मालाच्या थप्पीतून कोणाला न सांगता एखादी खुर्ची मधूनच ओढून काढायची, लोखंडी चौकटीत अडकवायची आणि ती मोडेपर्यंत तिच्यावर वाळूची पोती चढवत जायचे. मोडली की कुठे मोडली, कशी मोडली ते बघायचे आणि त्यावरून थप्पीतल्या बाकीच्यांना जगू द्यायचे की नाही ते ठरवायचे. हे न्यायाधीशाचेच काम होते, फक्त इथे एकाला आधी फाशी देऊन मग त्याच्या नातेवाइकांना निर्दोष सोडण्याची पद्धत होती.

या कामात त्याचा करकरणाऱ्या खुर्च्यांवर जीव जडला होता. वजन पडले की जी खुर्ची लगेच कुरकूर सुरू करते ती बसणाऱ्याला उठायला वेळ देते. शेवटपर्यंत हूं का चूं न करता एकदम फाटकन जाणारी खुर्ची त्याला मनापासून नावडे. 'गोड बोलणारी' म्हणे तो तिला, आणि सगळी थप्पी नापास करी.

एकदा एका फोरमनने तपासणीसाठी म्हणून जाड प्लास्टिकच्या खास खुर्च्या ओतून घेतल्या आणि थप्पीत अशा बेताने पेरल्या की हात नेमका तिथेच जावा. कित्येक दिवस सगळा माल उत्तम ठरत राहिला. वरच्या साहेबांनी कुळ उजळल्यासारखे चेहरे केले. मग एका सकाळी खुर्ची उचलताना तपासनीसाच्या मनगटाला काहीतरी जादा लागले. त्याने तराजू मागवला नाही. शेजारची खुर्ची दुसऱ्या हातात धरली, तेवढ्याने भागले. फोरमनची बदली झाली. तपासनीसाला मात्र कायमची खोड लागली. फार चांगले काही समोर आले की तो ते मनातल्या मनात उचलून वजन बघे. त्याचे लग्न जमले नाही ते याच खोडीमुळे, असे त्याची ताई म्हणे. तीन चांगली स्थळे या माणसाने 'जरा जादाच गोड वाटतात' म्हणून परत पाठवली होती.

ही ताई त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती त्याच्याकडेच राहत होती. तिसरा मजला, दोन खोल्या, आणि त्यांत कारखान्याने नाकारलेल्या, पण घरच्यापुरत्या चालतील अशा नाना रंगांच्या खुर्च्या. पाहुण्याने कोणत्या खुर्चीवर बसू नये हे ताई दारातच सांगत असे.

पिल्लू आले तेही नापास मालातूनच. कारखान्यामागच्या यार्डात मोडक्या खुर्च्यांचा डोंगर असे. त्या पुन्हा वितळवायला जात. त्या डोंगराखाली एक कुत्री व्याली होती. डोंगर हलवायची वेळ आली तेव्हा रखवालदाराने पिल्ले पोत्यात भरून बाजूला काढली. कामगारांनी एकेक उचलून नेली. उरले ते हे एक. एक कान उभा, एक मोडलेला, पाय पोटापेक्षा मोठे.

'याला कोणी नेईना साहेब,' रखवालदार म्हणाला. 'कानात खोट आहे.'

'खोट नाही,' तपासनीस त्याचा कान बोटांत धरून म्हणाला. 'साच्यातून लवकर काढलाय.'

त्या संध्याकाळी तो डब्याच्या पिशवीत पिल्लू घालून घरी आला.

'आजवर मोडक्या खुर्च्या आणत होतास,' ताई म्हणाली, 'आता हे. उद्या काय, फोरमन आणशील?'

'राहू दे ना गं. एवढंसं तर आहे.'

'एवढंसं आहे म्हणून तर म्हणते. मोठं झाल्यावर काय बोलायची सोय आहे? आणि माझी छाती? केस उडाले की मला धाप लागते, माहीत आहे ना तुला?'

पिल्लाचे नाव नग पडले. कारखान्यात माल नगावर मोजत, आणि हा शब्द त्याच्या तोंडात बसलेला होता. नगाने घरातल्या एकूण एक खुर्चीचे पाय चावून काढले. तपासनीस संध्याकाळी गुडघ्यांवर बसून दातांचे ठसे बघे. 'दाढा नाहीत अजून, पण दाब चांगला आहे,' असा अभिप्राय देई. ताईने जमिनीवर जुनी वर्तमानपत्रे अंथरली, तर पिल्लू ती अदबीने ओलांडून पलीकडच्या कोरड्या फरशीवर कार्यभाग उरके. तपासनीस कामावर निघाला की ते दाराला नाक लावून असे काही रडे, की खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन, 'घरात सगळं ठीक आहे ना?' असे फार काळजीने विचारत. काळजी त्यांना त्यांच्या झोपेची होती.

तो परतला की मात्र ते त्याच्या बुटात तोंड खुपसून, त्याच्या पावलावर अंग टाकून झोपून जाई. प्लास्टिकचा वास त्याला आईच्या वासासारखा असावा. तपासनीस मग पाय न हलवता तासन्‌तास बसून राही. जन्मात ज्याने कोणत्याच बैठकीवर विश्वास ठेवला नाही, त्याला एका कुत्र्याने न ठोकता, न दाबता आपली बैठक केले होते. पाय बधिर होई. तो म्हणे, 'होऊ दे.'

पाठ दुखत होतीच. वाळूची पोती उचलून दुखते, असे त्याने ठरवून टाकले होते. पोती उचलणे बंद झाले तरी दुखणे थांबेना, तेव्हा तो डॉक्टरांकडे गेला. त्यांनी मोठ्या डॉक्टरांकडे धाडले. मोठ्या डॉक्टरांच्या टेबलासमोरची खुर्ची त्याने सवयीने ठोकून पाहिली. ती सपशेल नापास होती. पण डॉक्टरांचा चेहरा बघून तो त्या दिवशी तिच्यावर बसला.

डॉक्टर बराच वेळ बोलले. ते फार हळू आणि फार सभ्यपणे बोलत होते, त्यावरूनच त्याला अंदाज आला.

'एकदम जाईल,' त्याने विचारले, 'की करकरत?'

डॉक्टरांनी चष्मा काढला. ते हुशार असावेत. 'करकरत,' ते म्हणाले. 'पण फार काळ नाही.'

घरी त्याने फक्त ताईला सांगितले. ती आधी चिडली. 'तरी म्हणत होते, डबा अर्धा परत आणतोस. कोणी ऐकेल तर ना!' मग ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने भांडी घासायला घेतली. नळ बराच वेळ वाहत राहिला. भांडे एकच होते.

'कोणाला सांगू नकोस,' तो बाहेरून म्हणाला.

'मी कशाला सांगतेय!' आतून उत्तर आले.

एकट्या माणसाचा पसारा आवरायला वेळ लागत नाही. ताई भाच्याकडे, म्हणजे तिच्या मुलाकडे, दुसऱ्या शहरात जाणार हे ठरले. कपडे, घड्याळ, सायकल यांचेही ठरले. एकाच वस्तूचे ठरत नव्हते आणि ती त्याच्या बुटात तोंड घालून घोरत होती. भाच्याच्या इमारतीत कुत्र्यांना मज्जाव होता. नसता, तरी ताईच्या छातीने मज्जाव केलाच असता. रोज संध्याकाळी तो पिल्लाकडे बघे आणि रात्री झोपेचे औषध घेऊनही जागा राही. स्वतःचे मरण त्याने कसेबसे गिळले होते. पण दाराला नाक लावून रडणारे ते पिल्लू त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. या वेळी दार उघडणार नव्हते.

मग त्याला आपले तीन मित्र आठवले. तरुणपणी नोकऱ्या नुकत्या लागलेल्या असताना चौघे एका खोलीत राहत. चार खाटा आणि एक खिडकी. वकील, भट्टी आणि लंब्या. वकील पुढे खरोखरीचा वकील झाला, पण भांडायची सवय त्याला सनद मिळण्याआधीपासून होती. भट्टीची आता स्वतःची बेकरी होती. मोठा मायाळू, कांदा न चिरता रडू शकणारा माणूस. लंब्या बस चालवायचा. उंची एवढी की बसच्या टपाखाली बसण्यातच त्याचे आयुष्य वाकून गेले होते. तोंडाने तिखट. तोही एकटाच राहत होता. बायको केव्हाच सोडून गेली होती आणि 'तिची चूक नाही' एवढेच तो त्यावर म्हणे.

दर वर्षी चौघे दोन दिवस कुठेतरी जात. मग मुले झाली, गुडघे आले, सहली राहिल्या. आता तपासनीसाने तिघांना फोन केला. शनिवार-रविवार जाऊ या का? मनातला बेत त्याने अर्थातच सांगितला नाही. पिल्लू बरोबर न्यायचे, तिघांवर थोडे थोडे वजन चढवायचे, आणि कोण टिकतो ते बघायचे. जो टिकेल त्याच्या पदरात नग घालायचा. नमुन्याला आपण नमुना आहोत हे कळता कामा नये, हा धंद्याचा पहिला नियम होता.

तिघेही पहिल्याच फोनला हो म्हणाले. पूर्वी एक तारीख ठरवायला या लोकांना अर्धे वर्ष लागे. तपासनीसाच्या मनगटाला तेव्हाच काहीतरी लागायला हवे होते. पण तो खुशीत होता.

वकिलाच्या एका पक्षकाराचे घर तळ्याकाठी होते. पक्षकार सध्या सरकारी खर्चाने दुसरीकडे राहत होता. त्याचा खटला वकिलानेच चालवला होता. भट्टीच्या पावाच्या गाडीतून सगळे निघाले. गाडी लंब्याने हाकली, कारण दुसऱ्या कोणी हाकलेली त्याला सहन होत नसे.

गाडी सुरू होताच तपासनीसाने पिल्लू वकिलाच्या मांडीवर ठेवले. निघण्यापूर्वी त्याने पिल्लाला वाटीभर पाणी पाजले होते. दुसऱ्या वळणावर व्हायचे ते झाले. वकिलाने आपल्या कडक इस्त्रीच्या पँटकडे पाहिले. एकदा हॉटेलात सूप सांडले म्हणून याच माणसाने वेटरला, मॅनेजरला आणि शेजारच्या टेबलावरच्या निरपराध कुटुंबाला नोटिसा धाडायची धमकी दिली होती.

'अरे वा,' वकील म्हणाला. 'ओळख झाली म्हणायची!'

तळ्यावर पोचल्यावर भट्टीचा नवा बूट आपोआप पिल्लाच्या वाटेत आला. भट्टीने चोळामोळा झालेली जीभ बघितली, बुटाची, आणि म्हणाला, 'दात येतायत बिचाऱ्याला. दुसरा पण दे त्याला, जोडी बिघडायला नको.' दुपारी जेवताना त्याने आपल्या ताटातला मोठा तुकडा पिल्लाला भरवला. वकिलाने त्याला कडेवर घेऊन तळे दाखवले. 'हे पाणी बरं का,' असे तो कुत्र्याला सांगत होता. पिल्लाने लंब्याची टोपी पळवली आणि व्हरांड्याखाली नेऊन तिच्या चिंध्या केल्या. लंब्याच्या जबड्याचा स्नायू फिरला. तो काहीतरी बोलणार होता. भट्टीने त्याच्याकडे बघितले. लंब्या म्हणाला, 'असू दे.' मग तो एकटाच तळ्याच्या टोकापर्यंत चालत जाऊन आला.

तपासनीस व्हरांड्यातल्या त्यातल्या त्यात बऱ्या खुर्चीवर बसून हे बघत होता. आपल्याला असे मित्र लाभले! एकही पडेना. आता कोणाला निवडायचे एवढाच प्रश्न होता, आणि किती दिवसांनी एखादा प्रश्न सुखाचा होता.

ऊन कलल्यावर पत्ते निघाले. जुना नियम होता: हरेल त्याने सगळ्यांची भांडी घासायची. त्या एका खिडकीच्या खोलीत बहुतेक भांडी तपासनीसानेच घासली होती, कारण वकील पत्त्यांत सख्ख्या आईलाही सोडणाऱ्यातला नव्हता.

पहिला डाव तपासनीसाने जिंकला. दुसराही. तिसऱ्यात त्याच्या हातात अगदी रद्दी पाने आली, तरी हात आपोआप त्याच्याकडे चालत येत राहिले. 'आज तुझी पानं जबरदस्त आहेत लेका!' भट्टी म्हणाला. तपासनीसाने हातातल्या पानांकडे पाहिले. मग त्याने मुद्दाम हुकमाची तिर्री टाकली. कोणीही शहाणा माणूस ती तिथे टाकणार नाही. वकिलाने विचार केल्यासारखे केले आणि वर दुर्री टाकली. ठरलेले हात पुरे होऊन डाव मध्येच संपला तेव्हा वकिलाच्या हातात हुकमाचा एक्का तसाच शिल्लक होता. त्याने तो घाईने गड्डीत सरकवला.

तपासनीसाच्या मनगटाला जादा वजन लागले.

त्याने पत्ते खाली ठेवले.

'ताईने कोणाला फोन केला होता?'

पिल्लू टेबलाखाली झोपले होते.

'मला,' भट्टी म्हणाला. 'आणि मग मी ह्यांना.'

'काय म्हणाली?'

'म्हणाली, त्याला दुखवू नका. त्याच्या कलानं घ्या. आणि त्या कुत्र्याचं कौतुक करा. म्हणाली, घरात मी सारखी त्या पिल्लाला बोलत असते, निदान तुम्ही तरी…' भट्टीच्या डोळ्यांतले पाणी पानांवर पडू लागले.

'पत्ते भिजवू नको रे,' वकील म्हणाला, आणि स्वतः तळ्याकडे बघू लागला.

'जाड प्लास्टिकच्या खुर्च्या,' तपासनीस म्हणाला.

'काय?'

'काही नाही. मी तुम्हाला तपासायला आणलं होतं इथे. मी गेल्यावर याला कोण सांभाळेल ते बघायला.'

हे डोक्यात उतरायला थोडा वेळ लागला. सर्वांत आधी उतरले ते वकिलाच्या.

'म्हणजे माझ्या पँटवर मुतवलंस ते मुद्दाम?'

'मांडीवर ठेवलं ते मुद्दाम. बाकीचं त्यानं स्वतः केलं.'

'आणि माझा बूट?' भट्टीने नाक पुसत विचारले.

'तो मी ठेवला वाटेत.'

'नवा होता रे!'

'मग तेव्हा का नाही ओरडलास? ओरडला असतास तर मला काहीतरी कळलं असतं. आता काय कळणार? सगळा दिवस वाया गेला माझा.' त्याचा आवाज चढला आणि पाठीतून कळ आली. त्याने टेबलाची कड धरली. 'माझ्याकडे वाया घालवायला दिवस नाहीत.'

वकील उभा राहिला. कोर्टात उभा राहतो तसा. 'मी घेतो पिल्लू. झालं? शब्द देतो.'

'तुझी बायको कबुतर दिसलं तर खिडक्या लावून घेते.'

'मी समजावीन तिला.'

'तू तिला कधी काही समजावलंयस? नको. खोटं पुरे आता. वजन कळतं मला.'

वकील खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर खटला हरल्याचे दुःख होते आणि सुटल्याचा आनंदही होता, आणि दोन्ही लपवता न आल्याची लाज होती.

'माझ्या बेकरीत चालत नाही रे,' भट्टी म्हणाला. 'कुत्रं दिसलं तर टाळं लावतील. तुझ्यासारखीच माणसं येतात तपासायला.'

'आणि तू?'

लंब्याने आपली पाने एकावर एक नीट रचली आणि टेबलावर आपटली.

'मला नको. ऐकायचंय? मला नको तुझं कुत्रं. पहाटे जातो, अंधार पडल्यावर येतो. दिवसभर कोंडून ठेवू? भुंकून भुंकून मरेल ते. आणि मरणार नाही तेव्हा काय करेल? माझ्याकडे बघेल. तू गेल्यावर तुझं कुत्रं रोज समोर बसून माझ्याकडे बघणार, आणि मी काय, दगड आहे का? तुला त्याची काळजी. आमची कोणी करायची? एका शब्दानं सांगितलं नाहीस. ताईकडून कळतं! आणि टोपी खाल्ली साल्यानं. युनिफॉर्मची होती. दुसरी मागायला गेलो की साहेब तोंड वाकडं करतो.'

आरडाओरड्याने पिल्लू जागे झाले. त्याने लंब्याच्या पायावर डोके ठेवले. लंब्याने पाय काढून घेतला.

तपासनीस त्याच्याकडे बघत राहिला. दुखणे कळल्यापासून त्याच्यावर कोणी ओरडले नव्हते. ताईसुद्धा आता हळू बोलायची. लंब्याचे बोलणे त्याने मनातल्या मनात उचलून पाहिले. वजन बरोबर होते.

वकिलाने टेबलावरची पाने गोळा करून पिसली.

'आणलंस कुठून हे?' लंब्यानेच विचारले.

'कारखान्याच्या यार्डातून.'

'त्याची आई?'

'आहे तिथेच. खुर्च्यांखाली.'

'मग ने परत. जिथून आणलं तिथे.' लंब्या खाली बघून बोलत होता. 'माझी बस तुमच्या फाटकासमोर वळते. शेवटचा थांबा. वळवून थोडा वेळ थांबते. उतरून बघू शकतो आहे की नाही ते. रोज. तेवढंच. त्यापुढे एक पाऊल मागू नकोस.'

'शिळा पाव मी देईन,' भट्टी म्हणाला. 'तो तर टाकतोच.'

वकिलाकडे सगळ्यांनी पाहिले.

'माझ्याकडून काही होणार नाही,' वकील म्हणाला. 'एकदा खोटं बोलून झालं. पत्ते वाटू का?'

त्याने पत्ते वाटले आणि खरे खेळला. तपासनीस पुढचा डाव हरला, त्यापुढचा हरला, आणि मग त्याची अशी दाणादाण उडाली की भट्टीलाही हसू आले. ठरल्याप्रमाणे भांडी त्याच्याकडे आली. तो ओट्याला कंबर टेकवून, मधूनमधून थांबून एकेक ताट घासत होता. भट्टी उठू लागला, तर लंब्याने त्याची कॉलर धरून त्याला खाली बसवले.

'बस गुमान. हरलाय तो.'

सोमवारी तपासनीस नगाला घेऊन यार्डात गेला. तो आता रजेवर होता. ती संपायची रजा नव्हती.

'काय साहेब,' रखवालदार म्हणाला, 'माल परत?'

'हो. राहील ना इथे?'

'राहील की. जागेला काय तोटा! पण मी बघत बसणार नाही हां.'

कुत्री मोडक्या खुर्च्यांखालून बाहेर आली. तिने पिल्लाला हुंगले आणि ओठ मागे ओढून गुरगुरली. ओळख वगैरे काही नव्हती. पिल्लू पळत येऊन तपासनीसाच्या बुटावर बसले.

तो रोज तिथे जाऊ लागला. त्यानेच कधीतरी नापास केलेल्या एका खुर्चीवर तो बसे. ठोकून बघण्याचे कारण नव्हते. निकाल माहीत होता. काम नेहमीचेच होते: वजन थोडे थोडे चढवत जायचे. या वेळी वजन म्हणून वापरायला त्याच्याजवळ एकच वस्तू होती, त्याचे नसणे. पहिल्या दिवशी तो नुसता खुर्च्यांच्या डोंगराआड गेला. पिल्लाने आकांत केला, हुंगत आले आणि सापडल्याच्या आनंदात पार उलटेपालटे झाले. नापास. मग तो फाटकाबाहेर जाऊन उभा राहू लागला. आतून रडण्याचा आवाज येई. तो कान तिरका करून ऐके. आवाज किती चढतो, कुठे थांबतो, पुन्हा लागतो का. हे काम त्याला चांगले येत होते. ते करताना त्याचा हात फाटकाच्या गजावर असे.

मग त्याने एक दिवस वगळला. मग सलग काही दिवस. ताई म्हणाली, 'आज जात नाहीस त्याच्याकडे?' तो म्हणाला, 'आज पोती वाढवली आहेत.' ताईला ते कळले नाही. कळल्यासारखे करून ती खिडकी लावायला गेली.

लंब्या रोज उतरत होता. आधी तो फक्त फाटकातून डोकावे. मग भट्टीच्या पावाचा तुकडा फेके. मग, रखवालदाराच्या सांगण्याप्रमाणे, उकिडवा बसून पिल्लाला टोपीवरून लाखोली वाही आणि पिल्लू ती सगळी ऐकून घेई. कुत्रीने त्याला दूध दिले नाही, पण खुर्च्यांखालची जागा दिली. दुसरा कानही हळूहळू उभा राहू लागला होता.

तपासनीसाला आता जिना उतरायला आधार लागे. एका दुपारी त्याने लंब्याला फोन केला आणि लंब्याने बस थांब्यावर नेहमीपेक्षा जरा जास्त थांबवून त्याला हात देऊन वर घेतले. शेवटच्या थांब्यापर्यंत जाता जाता बस रिकामी झाली. फाटकासमोर ती वळून उभी राहिली. तपासनीस मागच्या सीटवर, खिडकीपासून आत सरकून बसला होता. तिथून त्याला यार्ड दिसे, यार्डातून तो दिसत नसे.

लंब्या उतरला. डोंगराखालून पिल्लू धावत आले. आता त्याला पिल्लू म्हणणे कठीण होते. पाय मापाचे वाटू लागले होते. त्याने पाव खाल्ला, लंब्याच्या बुटाच्या नाडीला झटका दिला, चार शिव्या घेतल्या. मग त्याचे नाक वर झाले. वारा बसवरून तिकडे जात होता. दोन्ही कान ताठ करून ते बसकडे बघत उभे राहिले.

तपासनीसाने श्वास रोखला. पाठीतली कळही त्याने तशीच रोखून धरली.

ते पुढे आले नाही. थोडा वेळ नाक हलवत उभे राहिले, मग वळले, खुर्च्यांखाली गेले, एकदा स्वतःभोवती फिरले आणि पुढच्या पायांवर डोके ठेवून पडले. रडले नाही.

लंब्या बसमध्ये चढला. मागे येऊन उभा राहिला, डोके टपाला लागू नये म्हणून मान वाकवून.

'पास,' तपासनीस म्हणाला.

'काय?'

'काही नाही. चल.'

लंब्याने बस सुरू केली नाही. 'उतरायचं असेल तर उतर,' तो म्हणाला. 'मी थांबतो. साहेब बोंबलला तर बोंबलू दे.'

'नको,' तपासनीस म्हणाला. 'पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल.'

लंब्या पुढे जाऊन बसला. त्याने आरशात पाहिले नाही. बस फाटकासमोरून निघाली तेव्हा मागची जुनी सीट प्रत्येक खड्ड्याला करकरत होती, आणि तपासनीस ती न दाबता, न ठोकता तिच्यावर मागे रेलला.